आत्याबाईंची पट्टी

अपेक्षा मॅडमनी तिसऱ्यांदा माझ्या हातातून गिटार काढून घेतली आणि खुंट्या पिळायला सुरुवात केली.

“काकू, परत सगळ्या तारा लूज. घरी कोण हात लावतं हिला?”

“मीच लावते,” मी म्हणाले.

तिला वाटलं मी गंमत करते आहे. थेरगावात डांगे चौकाच्या मागे पहिल्या मजल्यावर तिचा क्लास. तिचं वय चोवीस, बाकीचे विद्यार्थी सहावी-सातवीतले, आणि त्यांच्यात एकोणपन्नास वर्षांची मी. तिने गिटारच्या टोकाला सूर तपासायचा चिमटा लावला, एकेक तार छेडत चिमट्यावरचा दिवा हिरवा होईपर्यंत खुंटी पिळली आणि गिटार परत माझ्या मांडीवर ठेवली. माझी तीन दिवसांची मेहनत दोन मिनिटांत गेली. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की मला या तारा अशाच, सैल हव्या आहेत. ती गोड आवाजात म्हणाली की आधी बरोबर काय ते शिकू या, मग बघू.

बरोबर काय ते मला कुणी शिकवू नये. चाकणच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. केसाच्या दहाव्या भागाइतका फरक निघाला तरी पार्ट लाल ट्रेमध्ये टाकते आणि सुपरवायझरने कितीही तोंड वेडंवाकडं केलं तरी बाहेर काढत नाही. त्यामुळे त्या हिरव्या दिव्याशी माझं वैर असायचं काही कारण नव्हतं. तरी झालं.

त्याचं असं झालं. माझ्या मुलीचं, सायलीचं, लग्न ठरलं आणि ती म्हणाली, “आई, मला बाकी काही नको, पण हळदीला आजीचा घाणा हवा.” हळदीच्या दिवशी सवाष्णी मुसळाला आंब्याची पानं बांधतात, उखळात हळद कांडतात आणि कांडताना गाणं म्हणतात, तो घाणा. पिंपळे गुरवातल्या आमच्या सगळ्या भावकीत तो आता एकट्या आत्याबाईंना येतो. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, रुक्मिणीबाई. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याबरोबर म्हणणाऱ्या बायका एकेक करून गेल्या.

आदल्या वर्षी माझ्या पुतण्याच्या हळदीला आत्याबाई उखळापाशी बसून घाणा म्हणत होत्या, तेव्हा डीजे चालू होता. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, बस्स. मी त्या डीजेवाल्याकडे जाऊन दहा मिनिटं थांबव म्हटलं, तर तो म्हणाला, “ताई, वाद्य असेल तर माइक देतो. नुसतं बायकांचं गाणं कसं लावणार? पब्लिक उठून जातं.” मला त्याचा इतका संताप आला की मी जेवलेसुद्धा नाही. पण वाद्य हा शब्द डोक्यात राहिला. सायलीने नववीत हट्टाने घेऊन तीन महिन्यांत टाकून दिलेली गिटार आमच्या माळ्यावर होती. मी ती उतरवली.

माझे यजमान जयसिंगराव पोट धरून हसले. म्हणाले, संबळ आण, तुणतुणं आण, हे काय साहेबाचं वाद्य घाण्याला? मी म्हटलं, घरात हेच आहे आणि मला हेच जमेल.

क्लासमध्ये कॉर्ड शिकले आणि घरी येऊन आत्याबाईंच्या गाण्याखाली वाजवले. दोन ओळी झाल्या आणि त्या थांबल्या.

“जयमाला, या तारा भांडत्यात गं,” त्या म्हणाल्या.

त्यांचं खरं होतं. त्यांच्या गाण्यात एक जागा आहे.

पयली मूठ हळदीची, पवनामाईच्या नावाची,
दुसरी मूठ हळदीची, लेकीच्या गं गावाची.

त्यातल्या ‘हळदीची’मधल्या ‘दी’वर त्यांचा आवाज जिथे टेकतो तो सूर अपेक्षा मॅडमच्या क्लासमधल्या पेटीच्या कुठल्याच पट्टीत नाही. पांढरीत नाही आणि काळीतही नाही. कॉर्ड धरला की गिटार त्या जागेला वर तरी ओढायची, नाहीतर खाली तरी. दोन्हीकडे गाणं आमचं राहायचं नाही, कुठल्यातरी सिनेमातलं व्हायचं.

मग मी कॉर्ड सोडले. भजनातली एकतारी आठवली. आत्याबाई जिथे टेकतात तो त्यांचा सा धरला आणि सहा तारांपैकी तीन त्याच्यावर आणल्या, तीन त्याच्या पंचमावर. बोटं दाबायचीच नाहीत, नुसत्या मोकळ्या तारा छेडायच्या. त्यासाठी सगळ्या तारा खूप उतराव्या लागल्या, कारण आत्याबाईंचा आवाज आता खाली गेला आहे. जाड तारा आणल्या तरी त्या थडथडायच्या. फोनवरचं ट्यूनिंगचं ॲप लालच लाल व्हायचं. पण आत्याबाई मान डोलवून म्हणाल्या, “आता कसं, गप बसल्यात.”

त्या दिवशी मी कंपनीतून पिवळा मार्कर आणला. आमच्याकडे बोल्ट आवळून झाला की बोल्टवरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सलग रेघ मारतात. पुढे कुणी बोल्ट हलवला तर रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. तशा सहा रेघा मी सहा खुंट्यांवर मारल्या. क्लास बंद केला. अपेक्षा मॅडमना फार वाईट वाटलं.

दुसरी शिफ्ट असेल त्या आठवड्यात दुपारी निघेपर्यंत आम्ही दोघी बसायचो. आत्याबाईंना मनात येईल तेव्हा सुरू करायची सवय. लसूण सोलताना, भाजी निवडताना, कुठूनही, कशाही. मी त्यांना शिस्त लावली. “आत्याबाई, आधी तार वाजू द्या, ती ऐका, मग म्हणा.” त्या विसरायच्या, मी थांबवायचे, परत सुरुवात. लाइनवर नवीन पोरींना शिकवते तसंच. चौथ्या महिन्यात त्या तार वाजेपर्यंत डोळे मिटून थांबायला लागल्या. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

हळद कार्यालयात होती, सकाळी अकराला. गिटार मी वधूपक्षाच्या खोलीत ठेवली आणि सवाष्णींना गोळा करायला गेले. उखळाला माइक लावला होता, डीजेवाला हात बांधून उभा होता. सायली पाटावर बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी गिटार घेऊन आले, आत्याबाईंच्या शेजारी बसले आणि खुंट्यांकडे नजर गेली.

सहाच्या सहा रेघा तुटलेल्या.

“काकी, मी ट्यून करून ठेवली,” माझी पुतणी वर्षाली मागून आनंदाने म्हणाली. ती हिंजवडीला नोकरी करते, कंपनीच्या बँडमध्ये वाजवते. “पूर्ण उतरली होती. ऐनवेळी तुमची फजिती झाली असती.”

पोरीने मायेने केलं होतं. मी खुंट्या उलट्या फिरवायला लागले. शेजारी सनईची सीडी चालू होती, बायका हसत होत्या, कुणीतरी मुहूर्त निघून चालला म्हणून ओरडलं. कानात काही राहिना. रेघा जुळवल्या तर त्या जुळल्या, पण खुंटी पूर्ण एक वेढा फिरली तरी रेघ जुळतेच. आवळलेला बोल्ट असा पूर्ण वेढा फिरत नाही. आत्याबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

“लाव की गं,” त्या म्हणाल्या.

आणि मी लावली. तेवढ्यात जी जमली ती. वरची होती, मला कळत होतं. मला वाटलं, त्या तिच्याकडे दुर्लक्ष करून आपल्या आवाजात सुरू करतील, इतकी वर्षं केलं तसं. पण त्यांनी तार ऐकली. मी शिकवलं होतं तसंच, नीट ऐकली, आणि तिथूनच सुरू केलं. पहिली मूठ कशीबशी निघाली. दुसऱ्या मुठीला ‘लेकीच्या’वर आवाज वर चढेना. त्या खोकल्या. परत प्रयत्न केला, परत तिथेच फाटला. माइकमधून सगळ्या कार्यालयाला ऐकू गेलं.

आत्याबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि जमलेल्या बायकांना म्हणाल्या, “म्हना तुमी फुडं.”

कुणालाच येत नव्हतं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. डीजेवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर खाली घातली, तेव्हा त्याने गाणं लावलं. सायलीने हळदीचा हात तसाच पुढे करून आजीचा गुडघा धरून ठेवला होता.

मला वर्षालीचा राग आला नाही. आला तो माझा. आत्याबाईंना कधी तारेची गरज नव्हती, ती मी लावली.

लग्नाला आता तीन आठवडे झाले. घाण्याचे शब्द माझ्या वहीत आहेत, सगळे. चाल नाही. रेकॉर्ड करायला मोबाइल समोर धरला की आत्याबाई पदर सारखा करतात आणि पाढे म्हटल्यासारखं म्हणतात. कंपनीत मी प्रत्येक रीडिंग लिहून ठेवते. इथे तारांची पट्टी लिहिली नाही, कारण ॲप आकडा देत नव्हतं, नुसतं लाल व्हायचं, आणि मला वाटलं रेघा पुरेशा आहेत.

आज माझी दुसरी शिफ्ट. त्या ओट्याजवळ खाली बसून लसूण सोलत होत्या. मी गिटार घेऊन समोर बसले.

“आत्याबाई, म्हणा ना. तुम्ही म्हणा, मग मी तुमच्या आवाजावर तार लावते.”

“आधी तू लाव,” त्या म्हणाल्या. “तार वाजल्याबिगर मला सुचत न्हाई आता.”

मी एक तार उतरवून छेडली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

“ही न्हाई.”

अजून उतरवली.

“ही बी न्हाई. पर जवळ हाय.”

मी थोडी चढवली, परत उतरवली. त्यांना ती पट्टी ऐकली तर ओळखू येणार होती, पण सांगता येत नव्हती, आणि मला लावता येत होती, पण आठवत नव्हती. सव्वादोनला कंपनीची बस चौकात येते. घड्याळात दोन वाजले होते.

“ही?” मी विचारलं.

आत्याबाईंनी बराच वेळ ऐकलं. तार वाजायची थांबली तरी त्या ऐकत होत्या. मग त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

“लाव,” त्या म्हणाल्या. “मी हाय बसलेली.”