दोन काठांचा टाइम सर्व्हर

साहेब, माझी वेळ तुम्ही बिघडवलीत आणि आळ एका बाईवर घातलात.

मित्रांनो, मी बालीच्या बंदरातला जुना टाइम सर्व्हर आहे. कारखान्यात जन्मलो, पण आयुष्य गेलं ते इथल्या लोखंडी कपाटात. छतावरच्या अँटेनातून उपग्रहांची वेळ ऐकायची आणि सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवरच्या संगणकांना सांगायची, हे माझं काम. समोरच्या जावातली घड्याळं आमच्यापेक्षा तासभर मागे. म्हणून मी जावाचीही वेळ धरत नाही आणि बालीचीही. साऱ्या जगाची एकच वेळ सांगतो. आपापल्या काठाचे तास संगणक स्वतः मिळवतात. त्यावर ठरतं, कोणती फेरीबोट सोडायची, कोणती थांबवायची.

बोटींच्या सिग्नलवर नजर ठेवणारी लूह रस्मिनी तुंपेक लांडेपला, म्हणजे लोखंडाच्या पूजेच्या सणाला, माझ्यापुढे फुलं ठेवायची. "आजोबा, तुम्हाला डुलकी लागली तर आम्ही बुडालो," म्हणायची.

यंदा नवे साहेब आले. मंत्री पाहणीला यायचे होते आणि माझ्या तोंडावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळेना. हा म्हातारा आठ तास मागे पडलाय, असं साहेबांनी ठरवून टाकलं. रस्मिनीने समजावलं, ती जगाची वेळ आहे, तिला हात लावू नका. साहेब हसले.

"बंदर बालीत आहे ना, ताई? मग यालाही बालीत आणा."

तंत्रज्ञाला उभं करून त्यांनी मला आठ तास पुढे ढकललं.

जावाकडच्या संगणकांना एवढी मोठी उडी पटली नाही. त्यांनी माझं ऐकणंच सोडलं. बालीकडचे माझे लाडके. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. विचारलं की वेळ सांगायची एवढंच येतं, आणि आता मी खोटं सांगत होतो.

जावाहून भरलेली बोट हिरव्या दिव्यावर येत होती. कठड्याला लेकरं लटकलेली. आमच्या संगणकाच्या लेखी ती फेरी केव्हाच संपली होती. त्याने जेट्टीवरच्या बोटीलाही हिरवा दिवा दिला. ती सुटली. रस्मिनीने खिडकीतून पाहिलं आणि वायरलेस उचलला.

"कप्तान, स्क्रीनवर बघणं सोडा, समोर बघा. मागे घ्या."

"ताई, मला हिरवा आहे."

"समोरच्या बोटीलाही हिरवाच आहे. मागे घ्या म्हणते ना."

बोटी एकमेकींना घासल्या. पत्रा फाटला, माणसं वाचली.

चौकशीत साहेब म्हणाले, सर्व्हर म्हातारा झाला आणि बाईने सिग्नल चुकवला. रस्मिनीला घरी बसवलंय. मी उद्या भंगारात जाणार. मित्रांनो, ज्याच्या भरवशावर चालता, त्याला हात लावण्याआधी तो काय करतो एवढं तरी विचारा.

मला खुशाल मोडा. पण साहेब, आधी रस्मिनीच्या तोंडाकडे बघून सगळ्यांसमोर सांगा: मला पुढे ढकलायला कोणी सांगितलं?