भिंगवाल्या काकांची टाकी

गल्लीत तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे तिला डासवाल्या बाई म्हणत. खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च, लांब दांड्याची पळी, अळ्या मारायच्या औषधाची बाटली आणि पाहणीची वही. सकाळी आठला आरोग्य केंद्रात सही ठोकायची आणि दुपारपर्यंत साठ घरं पालथी घालायची. ड्रम, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवर टाकलेले टायर, जिथे म्हणून आठवडाभर पाणी साचतं तिथे तिला वाकून बघावं लागे. कुणाच्या न्हाणीघरात किती बादल्या आहेत हे तिला तोंडपाठ होतं. पण बसा म्हणणारं कुणी नव्हतं. दार अर्धंच उघडे. "आमच्याकडे नाहीत हो डास," असं लोक अशा सुरात म्हणत, की जणू तीच ते पिशवीतून घेऊन आली होती.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती. ही घरी आली की चपला काढायच्या आधी रेडिओ लावी. कुणीतरी बोलत असलेलं बरं वाटे.

गल्लीच्या टोकाला भिंगवाले काका राहत. चाळीस वर्षं त्यांनी चष्म्याच्या काचा घासल्या होत्या. काकू गेल्यापासून घरात ते एकटेच. त्यांच्या मागच्या अंगणात सिमेंटची एक बुटकी टाकी होती. पहिल्यांदा तिने टॉर्च मारला तेव्हा टाकीत अळ्या वळवळत होत्या.

"थांबा, थांबा. अशा नाही दिसायच्या," म्हणत काका आतून भिंग घेऊन आले. पळीतलं पाणी त्यांनी काचेच्या पेल्यात ओतलं आणि पेला उजेडात धरला. "बघा तरी. शेपटी वर, डोकं खाली. उलटं लटकून श्वास घेतेय पठ्ठी!"

सोळा वर्षं ती अळ्या मोजत आली होती, पण अशी निवांत कधी बघितली नव्हती. काकांनी खुर्ची पुढे केली. चहा टाकला. मग दोघांनी मिळून टाकी उपसली, ब्रशने कडा घासल्या. जाताना तिने सांगितलं, "अळ्या सापडल्या की दर सोमवारी यावं लागतं, काका. टाकी स्वच्छ असली तर दोन महिन्यांनी."

पुढच्या सोमवारी टाकीत पुन्हा अळ्या. त्याच्या पुढच्या सोमवारीही. दर वेळी उपसायचं, घासायचं, मग चहा. काका बोलत सुटत. काकूंना लांबचं दिसायचं नाही, पण नवऱ्याच्या हातचा चष्मा त्यांनी कधी घातला नाही, म्हणे मी म्हातारी दिसते. ती हसे. घासूनपुसून कोरडी केलेली टाकी आपोआप भरत नाही, हे तिला कळत नव्हतं असं नाही. चौथ्या सोमवारी ते तिच्या ओठावरही आलं होतं. पण साठ घरांत खुर्ची फक्त इथेच मिळत होती. तिने वहीत अळ्यांची नोंद केली आणि कप पुढे केला.

मग मुलगी बाळंत झाली आणि हिने महिनाभराची रजा टाकली. तिच्या जागी केंद्राने कुणालाच पाठवलं नाही, माणसंच नव्हती. मुलीकडे सासूबाई, नणंद, मावशी असा सगळा गोतावळा. बाळ हातात यायचं ते फक्त फोटोपुरतं. "आई, तू बस गं निवांत," मुलगी म्हणायची, आणि ती बसायची.

परत कामावर आली त्या सोमवारी पर्यवेक्षकांनी तिच्यापुढे कागद ठेवला. तिच्याच गल्लीत डेंग्यू. काकांच्या समोरच्या घरातली सात वर्षांची मुलगी चार दिवसांपासून रुग्णालयात होती.

ती थेट काकांच्या अंगणात गेली. टाकी काठोकाठ भरलेली होती. अळ्या होत्याच, पण पाण्यावर पातळ, पारदर्शक टरफलं तरंगत होती. ज्यांना पंख फुटले होते, ते केव्हाच उडून गेले होते.

काका दारात उभे होते. खुर्ची पुढे केली नव्हती.

"तुम्ही भरत होता ना टाकी?" तिने विचारलं.

"सोमवारी भरायचो. तुम्ही गेलात की." त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "पंख फुटायच्या आत तुम्ही याल, हा हिशोब होता माझा. मग तुम्ही आलाच नाहीत. वाटलं, या सोमवारी याल. नाही तर पुढच्या."

"तुम्ही उपसायची होती, काका!"

"हो." ते खाली बघत राहिले. "रिकामी टाकी बघून तुम्ही दारातूनच परत जाल, असं वाटलं."

तिचा पारा चढला होता, पण तो नेमका कुणावर काढावा हे तिला कळेना. तिने टाकी उपसली. काका मदतीला वाकले तेव्हा ती "राहू द्या" म्हणाली. ब्रशने कडा घासताना हात भरून आले तरी ती थांबली नाही. पोरीला कुठला डास चावला हे जगात कुणीच सांगू शकणार नव्हतं. गल्लीत आणखी दहा टाक्या होत्या. तिने स्वतःला हे दोनतीनदा सांगून पाहिलं.

संध्याकाळी तिने पर्यवेक्षकांना सगळं खरं सांगितलं. संशय येऊनही आपण गप्प बसलो, तेसुद्धा. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "लेखी द्या," एवढंच ते म्हणाले. तिला ताकीद मिळाली, आणि तो भाग दुसऱ्याकडे गेला.

पोरगी नऊ दिवसांनी घरी आली. वाळून काटकी झाली होती, पण चालत आली. त्याच दिवशी काका रस्ता ओलांडून समोर गेले आणि तिच्या आईला आपल्या तोंडाने सगळं सांगून आले. आईने ऐकून घेतलं. दार लावून घेतलं. तेव्हापासून गल्लीत काकांना कुणी हाक मारेनासं झालं. हे हिला नव्या पाहणीवाल्याकडून कळलं. "त्या म्हाताऱ्याकडे आता चूळ भरण्याइतकं पाणीसुद्धा साठवलेलं नसतं," तो म्हणाला.

दीड महिना ती त्या बाजूला फिरकली नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी साधी साडी नेसून, मोकळ्या हाताने निघाली. वाटेत दोनदा मागे फिरावंसं वाटलं.

कडी वाजवली तर आतून आवाज आला, "सगळं कोरडं आहे. काल बघून गेले."

"मी तपासायला नाही आले, काका."

मग दार उघडलं. काका खंगले होते, दाढी वाढलेली. दोघं समोरासमोर बसली. काकांनी चहा टाकला. मग काका बोलू लागले. समोरच्या पोरीबद्दल, ती खिडकीत दिसली की आपण पडदा ओढून घेतो त्याबद्दल, मग काकूंबद्दल, दुकानाबद्दल. तास कसा गेला कळलं नाही. तिने ऐकलं, मान हलवली, कप विसळून ठेवले.

"पुन्हा याल?" त्यांनी दारात विचारलं.

"येईन की. पुढच्या सुट्टीला."

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिच्या लक्षात आलं. महिनाभर कुठे होता, घरी कोण कोण आहे, तुम्ही कशा आहात, यातलं काकांनी काही म्हणजे काहीच विचारलं नव्हतं. तिला थोडं हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. पुढच्या वेळी नात झाल्याचं आपणच सांगायचं, तिने ठरवलं. निदान आपलं नाव तरी सांगू.