लॅरिसाचा पोटपट्टा

कपडा म्हणावं, तर मला मिरवायला कुणी घालत नाही. औषध म्हणावं, तर मला धुऊन दोरीवर वाळत घालतात. मी पोटपट्टा. वीतभराहून थोडा रुंद, ताणला की लांबणारा, आणि टोकाला कर्रकन उघडणारी चिकटपट्टी. माझ्यासोबत हजारो शिवले गेले. कोण कुणाच्या पोटावर जाणार, हे आम्हांला आधी कळत नाही. मी लॅरिसाच्या वाट्याला आलो.

लॅरिसा कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, डॉफिन गावात शाळेची बस चालवते. वय सत्तेचाळीस. जुळ्या मुली झाल्या तेव्हा तिच्या पोटाचे स्नायू मधोमध फाकले, ते फाकलेलेच राहिले. पुढे तीन वर्षं खपून तिनं चाळीस किलो वजन उतरवलं, पण कातडी काही त्याच्या मागोमाग गेली नाही. पोटावर झालर लोंबायची. उन्हाळ्यात तिच्याखाली पुरळ उठायचं, आणि बसमधला सुरक्षापट्टा नेमका तिथंच काचायचा. शेवटी जुलैत शाळेला सुट्टी लागली, तशी ती विनिपेग शहरात गेली आणि जादा कातडी काढून, स्नायू शिवून घेऊन आली. गुंगीतून जागी झाली तेव्हा मी तिच्या कमरेला होतो. तिचा पहिला शब्द माझ्याबद्दलच होता. तो इथं सांगण्यासारखा नाही.

रोज सकाळी मला बांधायचं काम तिच्या नवऱ्याचं. ओरेस्ट शेतीची यंत्रं दुरुस्त करतो. त्याचे हात मोठे आणि जपून वागणारे.

"घट्ट झालं का गं?"

"श्वास घ्यायला जागा ठेव रे! गव्हाचं पोतं नाही मी."

दोन आठवडे ती कमरेत वाकून चालली. कुरकुरली, पण खुशीत होती. सूज उतरली की आत काय निघतंय, याची तिला घाई झाली होती.

तिसऱ्या आठवड्यात तिनं मला काढलं आणि आरशासमोर उभी राहिली. व्रणाची लाल रेघ या कमरेपासून त्या कमरेपर्यंत गेली होती, पण उजवीकडे बोटभर वर चढलेली. दोन्ही टोकांना कातडीच्या घड्या फुगून आल्या होत्या. पोट सपाट कुठलं, सुजून ढोलकं झालेलं. बेंबी रागावलेल्या डोळ्यासारखी.

"एवढं करून हे?" ती म्हणाली. आणि मला गोळा करून खणात कोंबलं.

त्या संध्याकाळी तिची मोठी बहीण डारका पेरोगी, म्हणजे करंजीसारख्या पण उकडायच्या, करायला आली होती. लॅरिसा खुर्चीत बसून बटाट्याचं सारण भरत होती, आणि रडत होती.

"परत कापायला लावणार मी त्यांना. याच महिन्यात. ताई, दोन्ही बाजू सारख्यासुद्धा नाहीत गं!"

डारकानं ताटातली एक पेरोगी उचलून तिच्या नाकासमोर धरली. "चाळीस वर्षं मिटतेयस या. कोपऱ्यात जादा पीठ उरलं नाही, अशी एक तरी दाखव. आणि हे तर मेलं जिवंत माणसाचं पोट!"

लॅरिसा रडता रडता हसली, आणि हसल्यामुळे टाके दुखले म्हणून पुन्हा रडली. मला मात्र तिनं बाहेर काढलं नाही.

चार दिवस मी खणात होतो. मोज्यांच्या शेजारी पडून राहण्यात वाईट काही नाही, पण ज्या कामासाठी जन्मलो ते पलीकडच्या खोलीत माझ्याशिवाय चाललं होतं. पाचव्या दिवशी ती वाकली आणि तिला बेंबीखाली पाणी हलल्यासारखं वाटलं. हात लावला तर कातडीखाली लाट. ओरेस्टनं गाडी काढली. विनिपेगची वाट साडेतीन तासांची. मी तिच्या पिशवीत होतो. आपल्यामुळेच हे झालं असं तिला वाटत होतं.

डॉक्टर प्रेंडरगास्ट उंच, पिकल्या केसांच्या बाई. त्यांनी सुईनं पाणी काढलं. मोठी सिरिंज दोनदा भरली.

"मी पट्टा काढला म्हणून झालं का हे?"

"पट्टा घालूनही होतं. तुम्ही काही गुन्हा केलेला नाही. पण आता घाला परत."

मग लॅरिसानं मनातलं सगळं सांगितलं. रेघ वाकडी, घड्या, ढोलकं. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, "आज कापलं तर मी सुजेला कापेन, तुम्हांला नाही. खरा आकार दिसायला सहा महिने लागतात, कधी वर्ष. डावीकडची घडी बहुतेक बसेल. उजवीकडची मलाही पसंत नाही. ती जाईल असं वचन मी देणार नाही. राहिली तर काढू."

माझा अनुभव सांगतो. माणसाला 'सगळं छान आहे' ऐकून जेवढा धीर येत नाही, तेवढा 'मलाही पसंत नाही' हे ऐकून येतो. परतीच्या वाटेवर लॅरिसानं ओरेस्टला गाडी थांबवायला लावली आणि दोघांनी रस्त्याकडेला बसून मोठं आइस्क्रीम खाल्लं.

त्यानंतर पाणी एकदाच काढावं लागलं. सप्टेंबरात ती पुन्हा बसवर गेली. माझी सक्ती संपली होती, पण संध्याकाळी पोटावर सूज चढायची म्हणून ती मला नाताळपर्यंत बांधत राहिली. आरशापुढे जायची ती महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी. रोज बघितलं की काहीच बदलत नाही, हे तिनं स्वतःच शोधून काढलं. जानेवारीत डावी घडी दिसेनाशी झाली. बेंबीचा राग गेला. उजवी घडी मात्र जागची हलली नाही.

मेमध्ये बाईंनी ती काढली. तेवढीच जागा बधिर करून, अर्ध्या तासात. लॅरिसा जागीच होती. दोघी बर्फावरच्या मासेमारीबद्दल बोलत होत्या. व्रणाची रेघ उजवीकडे थोडी चढलेली आहे, ती तशीच राहणार. "राहू दे," लॅरिसा म्हणाली. "ती फक्त मला आणि ओरेस्टला दिसते, आणि ओरेस्ट चष्मा काढून झोपतो."

या वेळी माझी गरज पडली नाही. एक छोटी मलमपट्टी पुरली. तो उन्हाळा पुरळाशिवाय गेला. माझी लवचीकता तोवर संपत आली होती. मला कचऱ्यात टाकतील असं मी धरून चाललो होतो, आणि त्यात वाईटही वाटत नव्हतं.

ऑक्टोबरात ओला, जड बर्फ पडला आणि अंगणातलं तरणं प्लमचं झाड फांदीच्या बेचक्यातून उभं चिरलं. ओरेस्टनं दोन्ही भाग जवळ दाबून धरले आणि ओरडला, "काहीतरी रुंद आण! दोरी सालीत रुतेल!"

लॅरिसा मला घेऊन धावली. त्यानं मला दोन वेढे दिले. बायकोवर केलेला सराव कामी आला.

शेजारीण कुंपणाशी आली. "अगं, झाडाला काय झालं?"

"पोटाचं ऑपरेशन," लॅरिसा म्हणाली. "आत्ता काही बोलू नकोस त्याला."

तेव्हापासून मी इथं आहे. उन्हानं रंग उडालाय, चिकटपट्टीत पालापाचोळा अडकलाय. आतली फट भरतेय की नाही, ते मला बाहेरून दिसत नाही, फक्त जाणवतं. सध्या हळूहळू भरतेय. घाईत असाल तर पुढे व्हा. मी थांबतो.