डोहावरचा पहारा

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचं साल संपतं. नऊ वर्षं राबलेल्या मगनला हिलाल पाटलानं त्या आखाजीला "आता पुरे" म्हटलं, आणि तेही चार माणसांत. त्याच्या जागी तरणा गडी ठेवला. मगन काही बोलला नाही. पागोटं उचललं आणि नाल्याच्या वरच्या अंगाला, आपल्या झोपडीकडे चालता झाला. दोन शिव्या देऊन गेला असता तर हिलालला बरं वाटलं असतं. न बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय असतं, कुणी सांगावं?

दहा-बारा दिवसांत हिलालचा एक बैल शेताजवळच्या डोहावर पाणी पिऊन आला आणि दुपारपर्यंत पाय झाडून मेला. तोंडाला हिरवट फेस होता. नाला आटलेला, वरच्या झऱ्याचं चार थेंब पाणी तेवढं मगनच्या झोपडीवरून झिरपत डोहात उतरायचं. हिलालच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला: मगननंच वरून पाण्यात विष सोडलं! पुरावा? पुरावा मागतो कोण! त्यानं पारावर सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत गावानं मगनशी बोलणं टाकलं.

काम कुणी देईना, म्हणून मगन भुसावळला मालधक्क्यावर हमाली करायला गेला. त्याच आठवड्यात वर डोंगरात पाऊस धो धो कोसळला आणि कोरड्या नाल्याला पुरुषभर पूर आला. पूर ओसरला तेव्हा डोहातले दगड घासल्या भांड्यासारखे लख्ख होते, हाताला बुळबुळ म्हणून लागेना. झराही पुन्हा वाहता झाला. हिलालची ढोरं पोटभर पाणी प्यायली, एकालाही काही झालं नाही. "मगन गया, इख गयं," तो ज्याला त्याला सांगू लागला. पूर बिचारा त्याच्या ध्यानीमनीही नव्हता.

तो एवढा एकच पूर. मग पावसानं जी दडी मारली ती मारलीच. बहात्तर साल ते. जुलै गेला, ऑगस्ट उजाडला, ऊन मात्र चैत्राचं. डोहातल्या दगडांवर पुन्हा पातळ हिरवी साय धरली. आणि नेमका तेव्हाच मगन परतला.

हिलालनं त्याला वाटेतच गाठलं.

"कव्हय उना रे?"

"काल उनू, भाऊ."

"कसाले?"

"मना घर शे आठे," मगन खाली बघत म्हणाला.

त्या खाली बघण्यातच हिलालला सगळं दिसलं. त्याच्याकडे आता एकच बैल उरला होता, लाखा. शेजाऱ्याचा बैल जोडीला घेऊन औत कसंबसं चालत होतं, लाखा गेला तर तेही पडून राहणार. आणि खरं सांगायचं तर औताचं राहू द्या, लाखाशिवाय गोठ्यात पाऊल टाकणं त्याला जमलं नसतं. जीव होता त्याचा लाखावर. त्यानं पक्का बंदोबस्त केला. मगनकडून येणारं पाणीच नको, म्हणून झऱ्याच्या वाटेत मातीचा बांध घातला. डोहाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं, खालच्या अंगाला लाखापुरती वाट ठेवली आणि त्या वाटेवर स्वतः ठाण मांडलं. त्याची बायको झुंबरबाई भाकरीही तिथंच आणून द्यायची.

आठ दिवस गेले. मगन तर सोडाच, कुणाचं कुत्रंही फिरकलं नाही. डोहात कोंडलेलं पाणी उन्हानं तापत गेलं, हिरवं होत गेलं. वाऱ्यानं साय खालच्या अंगाला, लाखाच्या वाटेवर जमू लागली. हिलालला ती दिसत नव्हती असं नाही, पण तो माणसावर नजर ठेवून होता, पाण्यावर नाही. नवव्या सकाळी त्यानं लाखाला आपल्या हातानं डोहाशी नेलं आणि पाठ थोपटत पाजलं.

ऊन डोक्यावर यायच्या आत लाखा खाली बसला, तो उठलाच नाही.

पारोळ्याहून ढोरांचे डॉक्टर कांतीलाल सायकलवरून येईतो सगळं आटोपलं होतं. त्यांनी काडीनं साय उचलून नाकाशी नेली.

"भाऊ, हे विष कुणी घातलेलं नाही. इथंच वाढलंय. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक जीव असतात हे. पाणी अडलं, ऊन लागलं की माजतात, आणि काहींचं विष होतं. पुरात खरवडून निघतात. जरा पाणी वाहतं राहिलं तरी एवढे साचत नाहीत." त्यांनी वर पाहिलं. "हा बांध कुणी घातला?"

हिलाल लाखाच्या डोक्याशी बसला. नऊ वर्षं ज्याच्या हातची वैरण लाखानं खाल्ली त्याला आपण गावातून उठवलं, आणि लाखाला आपणच मारलं. शरमेनं त्याची मान वर होईना.

कुंपणाबाहेर गाव जमलं होतं. "मगनच!" हिलालचा चुलतभाऊ झुलाल ओरडला. चार-पाच जणांनी काठ्या उचलल्या.

हिलाल ताडकन उठला.

"थांबा रे! आठे कोनी उनं नही. बांध मीच घाला, पानीबी मीच पाजं. मगननी काही करं नही!"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग झुलालनं हिलालच्या खांद्यावर हळूच हात ठेवला आणि मागच्यांकडे वळून म्हणाला,

"दखा. आते भाऊलेबी काही चारी दिन्हं मगननी, म्हनीसन तो असा बोलस."

आणि काठ्या वरच्या अंगाला, झोपडीकडे निघाल्या.