गयेला शोभेल असं नाव

मनुष्यजातीने आजवर जे जे गंभीर निर्णय घेतले, त्यांत अपत्याचे नाव ठेवण्याइतका गंभीर निर्णय दुसरा नाही. नाशकाच्या तांबट आळीत हा निर्णय शेंगा निवडता निवडता घेत असत. मुलगा असला तर जोशी येई, पंचांग उघडे, दक्षिणा घेई. मुलगी असली तर थोरलीच्या नावाशी जुळेलसे काहीतरी बघत; पेल्यांच्या जोडीतला एक हरवला म्हणजे दुसरा बघतात तसे.

यादव तांबटाची थोरली गया, सहा वर्षांची. तिच्या पाठीवर दुसरी मुलगी झाली होती आणि उद्या तिचे बारसे होते. यादव ओसरीवर हंडा ठोकत बसला होता. आत त्याची बायको भागीबाई बाळाला शेक देत होती. एवढ्यात दारात टांगा थांबला आणि सायखेड्याची झुंबरबाई उतरली. झुंबरबाई म्हणजे यादवची थोरली बहीण, अर्थात बाळाची आत्या. नाव ठेवण्याचा मान तिचा.

गयेच्या बारशाला या आत्याबाईंनी खोबऱ्याची एक वाटी आणली होती आणि जाताना त्यातली अर्धी परत नेली होती. आज गाठोड्यातून कुंची निघाली, चांदीचे वाळे निघाले, शेवटी चिंचेने लख्ख घासलेला एक तांब्या निघाला. भागीबाईच्या मनात पाल चुकचुकली. औदार्य हा काही सायखेड्याकडे साथीने पसरणारा रोग नव्हता.

झुंबरबाईने बाळ मांडीवर घेतले. मुठी उघडून बोटे पाहिली. डोळ्यांपुढून बोट फिरवले. मग कानाची पाळी मुडपून मागचा रंग बघितला.

"ही उजळ व्हनार. गयेवानी नाय. गया सावळी पडली, नाय तर..."

"नाय तर काय, वन्सं?"

"नाय तर काय नाय. नाव काय ठरवलं, भागे?"

"नाव तुम्ही ठेवायचं."

"मग काशी! थोरली गया, धाकटी काशी. कशी जोड शोभती बघ!"

शेजारच्या फुलाबाई शेंगा निवडायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "झकास! आता प्रयाग तेवढं राहिलं. तेही होईल पुढच्या साली." भागीबाई सोडून सगळ्या हसल्या. गयेने तांब्या उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "आत्या, यावर काय लिहिलंय?"

तांब्याच्या गळ्याखाली नाव घातलेले होते: काशी.

बारसे उद्या, नाव ठरले आत्ता, आणि तांब्यावर ते आधीच. भागीबाईने नणंदेकडे पाहिले. नणंदेने आढ्याकडे पाहिले.

"आत्याच्या मनातच हुतं ते," झुंबरबाई म्हणाली. "मन जानतं."

दिवेलागणीला झुंबरबाई गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, दर्शनाला गेली, तशी भागीबाईने तांब्या नवऱ्यापुढे ठेवला. "सून बघतात तसं बघितलं हो त्यांनी पोरीला. आणि हे बघा."

"तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं," यादव म्हणाला. "मायेनं आणलंय बिचारीनं." एवढे बोलून त्याने तांब्या उजेडाकडे धरला. भांड्यांवर नावे घालणे हा त्याचाच धंदा. त्या ‘शी’ची वेलांटी जराशी तिरकी गेली होती.

"हे माझ्याच हातचं आहे," तो म्हणाला. "आक्काच्या थोरल्याच्या लग्नातलं. काशीच्या बापानं सगळी भांडी इथूनच नेली होती."

ती काशी म्हणजे झुंबरबाईची सून. लग्नात अकरा वर्षांची होती, तेराव्या वर्षी बाळंतपणात गेली. मूलही गेले. लोक हळहळले, झुंबरबाईही हळहळली, आणि बिनबायकोचा लेक नि नावासकट भांडी तिच्या घरात राहिली.

"उद्या बोला तुम्ही," भागीबाई म्हणाली.

"बहीण आहे गं ती. मी कसं बोलू?" यादव म्हणाला आणि कामच नसलेली एक कळशी ठोकू लागला. तांबटाच्या घरात हे एक सुख असते. जे ऐकायचे नाही, त्यावर हातोडी मारता येते.

दुसऱ्या दिवशी पाळणा सजला. बायका जमल्या. पाळण्याच्या अल्याड भागीबाई, पल्याड फुलाबाई. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळ वरून गेले, खालून आले. ओसरीवर यादवची हातोडी नेहमीपेक्षा जोरात चालली होती. बाळ पाळण्यात ठेवले. झुंबरबाई पदर सावरून बाळाच्या कानाशी वाकली.

भागीबाईने बाळाच्या कानावर हात ठेवला.

"वन्सं, आधी एक सांगा. काशी कशानं गेली?"

"कंची काशी?"

"जिचा तांब्या माझ्या लेकीला आणलात, ती."

बायकांचे गाणे अर्ध्यात राहिले. झुंबरबाई सरळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची लाज नव्हती. शहाण्या माणसाला अडाण्यांना समजावून सांगावे लागते तेव्हाचा त्रास होता.

"बाळातपनात गेली. बाया जात्यात. त्यात काय इचारायचं? आता सरकारचा कायदा हाय, चौदा वर्सं पायजेत. मी काय कायदा मोडती? आज सांगून ठिवते, चौदा वर्सांनी नेते. आपलीच पोर, आपल्याच घरात."

"तोवर तुमचा लेक छत्तिशीला येईल."

"पुरुषाचं वय कोन बघतं? अन् काशी नाव हाय तर तुमचंच भलं हाय, भागे. हंडा, कळशी, परात, समदं नावासकट मांडलेलं हाय. दुसरं नाव घालायचं तर पयलं घासून काढावं लागतं, पत्रा पातळ व्हतो. इचार तुझ्या नवऱ्याला!"

नवऱ्याला विचारावे लागले नाही. हातोडी थांबली होती. ती केव्हा थांबली हे कोणाच्या ध्यानात आले नाही, पण आळीला एवढी शांतता ठाऊक नसल्यामुळे समोरचे लोकही दारात आले. यादव उंबऱ्याशी उभा होता. बारशात पुरुषाचे काम नसते, म्हणून त्याने आत पाऊल टाकले नाही.

"आक्का, त्या तांब्यावर नाव घालत होतो तेव्हा ती पोर बापाबरोबर इथं ओसरीवर बसली होती. मधेच म्हणाली, ‘काका, हे पुसलं नाही ना जाणार?’ मी म्हणालो, माणूस जाईल पण नाव जाणार नाही. ते आम्ही सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगतो. बोलता बोलता माझी वेलांटी तिरकी गेली. पत्रा पातळ झाला तर होऊ दे. माझी पोर तुझ्या भांड्यांवर घालायला मी देणार नाही."

"यादवा! सख्ख्या बहिनीला?"

"हो."

भागीबाई पाळण्यात वाकली आणि बाळाच्या कानात हळूच काहीतरी बोलली. आईने नाव ठेवलेले आळीने कधी पाहिले नव्हते. पण फुलाबाईंना वर्षानुवर्षांची सवय. कोणी तरी कानाशी वाकले एवढे दिसताच त्या "कुर्रर्र!" ओरडल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या झुंबरबाईच्याच पाठीत त्यांनी दणकून बुक्की घातली.

हसावे की रडावे हे कोणाला कळेना. झुंबरबाईने गाठोडे बांधले. तांब्या आपण होऊन आत घातला. "या घरचं पानी मला वर्ज्य," असे तिने तीनदा सांगितले आणि दुसऱ्या नि तिसऱ्या वेळेच्या मध्ये चहा घेतला. पुन्हा या आळीत पाय ठेवणार नाही, भाऊ मेला असे समजेन, पोरीला कोण करतो ते बघते, असे सगळे बोलून ती टांग्यात बसली. भागीबाई दारात उभी होती.

टांगेवाल्याने लगाम हलवला, तशी झुंबरबाईने त्याला थांबवले.

"वहिनी," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने भागीबाईला अशी हाक मारली नव्हती. "नाव तेवढं सांग. गावात बाया इचारत्याल."