जूनोनं धरलेली रांग

बिगूल वाजलं आणि दुधाच्या गाडीला जुंपलेल्या जूनोनं कान टवकारले. अमासानं लगाम खेचला, पण ती कसली ऐकते! लढाई संपून बारा वर्षं झाली, हे त्या म्हाताऱ्या घोडीला सांगणार कोण? घोडदळात मुरलेली ती. बिगूल ऐकलं की रांग धरायची, एवढंच तिला ठाऊक. कॅन खडखडवत ती थेट जुन्या सैनिकांच्या मिरवणुकीत घुसली आणि शिस्तीत चालू लागली.

लोकांची हसून मुरकुंडी वळली. अमासाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. लढाईत पडलेल्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायला दर मे महिन्यात एका ठरल्या दिवशी अख्खं गाव निघे. शत्रूचा झेंडा हिसकावला म्हणून सरकारनं पदक दिलेला हा गडी मात्र त्या दिवशी दूध घालून घाईघाईनं घर गाठी. कारण तो झेंडा खरं तर आधी हिसकावला होता त्याच्या दोस्तानं, आयरानं. गोळी आयराला लागली आणि झेंडा अमासाच्या हाती आला. आयराच्या आईला, मर्सीकाकूंना, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? बारा वर्षं तो त्यांच्या पायरीवरच्या किटलीत दूध ओतून, दार उघडायच्या आत पसार होत होता.

मिरवणूक थांबली, जूनोही थांबली. नेमकी आयराच्या थडग्यापाशी. मर्सीकाकू फुलांची जुडी घेऊन उभ्याच होत्या.

"सापडलास एकदाचा," त्या म्हणाल्या.

अमासा खाली उतरला, टोपी काढली आणि बारा वर्षं लपवलेलं सगळं बोलून मोकळा झाला. मग आतल्या खिशातून पदक काढलं. रोज जवळ बाळगलेलं, कधीच न लावलेलं.

"काकू, हे आयराचं आहे."

काकूंनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"कप्तानानं तेव्हाच सगळं कळवलं होतं रे. गोळ्या चालू असताना याच घोडीवर घालून तू त्याला परत आणलंस, तेही. झेंडा काय, कुणीही आणला असता. माझा मुलगा तू आणलास." त्यांनी ते पदक त्याच्या दूध सांडलेल्या कोटावर लावलं. "आणि उद्यापासून दार वाजव. चोरासारखा दूध घालतोस मेला."

अमासा रडला, सगळ्या गावासमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दार वाजवलं. आत टेबलावर दोन कप मांडलेले होते. बाहेर जूनो सवयीनं पुढच्या घराकडे दोन पावलं गेली, मागे पाहिलं आणि त्याची वाट बघत उभी राहिली.