दहाच्या आधी बाजार नाही

मित्रांनो, मी ऑसलबरीच्या बाजाराची घंटा. वय झाले आहे, अंगावर हिरवट डाग पडले आहेत, पण माझे कान शाबूत आहेत. तरीही एक गोष्ट मला आजवर उलगडलेली नाही. तुम्हाला सांगते, तुम्हाला काही समजले तर बघा.

माझा जन्म याच गावातला, चर्चच्या मागच्या आवारातला. एक फुटकी जुनी घंटा वितळवून मला ओतले. पहिला टोला पडला तेव्हा जमलेल्या बायका म्हणाल्या, "आवाज जरा नाकातच आहे हिचा!" मला फार वाईट वाटले होते. मग चौकातल्या दगडी छत्रीखाली मला टांगले आणि काम नेमून दिले. दर गुरुवारी सकाळी दहाला वाजायचे. मी वाजले की बाजार सुरू. त्याआधी कोणी नुसता लोण्याचा भाव बोलला, तरी त्याचा माल जप्त होऊन निराधार म्हाताऱ्यांच्या आश्रमात जायचा. दूरच्या शेतांवरून चिखल तुडवत येणाऱ्यांनाही गिऱ्हाईक मिळावे, म्हणून हा नियम होता.

माझी दोरी ओढणारा एनॉक प्रिंग याबाबतीत फार कडक. म्हातारा झाला होता, पण चौकाच्या या टोकाची कुजबुज त्याला त्या टोकाला ऐकू जायची. त्यामुळे गावाला एक सवयच जडली. दहाच्या आधी कोणी काही विचारले, की सगळे तोंडावर म्हणायचे, "कसला बाजार? बाजार नाही!"

एका गुरुवारी घोडागाडीतून करड्या कोटातले एक गृहस्थ उतरले. ते देशातल्या सगळ्या गावांचे गॅझेटियर, म्हणजे माहितीचे पुस्तक, लिहीत होते. घोडे बदलेपर्यंत, म्हणजे साडेनऊपर्यंत, त्यांना वेळ होता. ते थेट हेस्टर लार्कमपुढे उभे राहिले. हेस्टर विधवा बाई. दोन गाईंच्या लोण्यावर तिचे घर चालायचे.

"बाई, टोपलीत काय आहे?"

"काही नाही, साहेब."

"झाकलंय तर खरं."

"फडकं आहे. त्याच्याखाली आणखी एक फडकं."

"इथे बाजार भरतो ना?"

हेस्टरने एनॉककडे पाहिले. "कसला बाजार? बाजार नाही हो."

"मग एवढ्या सगळ्या जणी बसलात कशाला?"

"पाय दुखले म्हणून!" हेस्टर म्हणाली आणि शेजारणी फिदीफिदी हसल्या.

साहेबांनी काहीतरी टिपून घेतले आणि गाडी गेली. मग दहा वाजले, मी वाजले, फडकी उडाली आणि नेहमीसारखा कालवा सुरू झाला.

काही महिन्यांनी खानावळवाल्याने ते पुस्तक आणून माझ्याखाली उभ्याने वाचून दाखवले. 'ऑसलबरी. येथील बाजार बंद पडला आहे. बायका मात्र जुन्या सवयीने रिकाम्या टोपल्या घेऊन चौकात बसतात. गाव उदास आहे.' लोक पोट धरधरून हसले. मला हसू आले नाही. मी दर गुरुवारी वाजते, आणि छापील पुस्तक म्हणते की बाजारच नाही. मग मी वाजते ते कशासाठी?

त्या पुस्तकावरून दुसऱ्याने लिहिले, दुसऱ्यावरून तिसऱ्याने. गावाने पुस्तक छापणाऱ्यांना पत्र पाठवले, तर उत्तर आले, की आम्ही सगळी पुस्तके तपासली, ऑसलबरीला बाजार नाही. शहरातले लोण्याचे व्यापारी ही पुस्तके बघूनच फेरी आखायचे. त्यांच्या गाड्या येईनाशा झाल्या. टोपल्या भरलेल्याच परत जाऊ लागल्या. हेस्टरने एक गाय विकली. दुसरी विकायची वेळ आली तेव्हा ती माझ्याखाली बसून रडली. पुस्तकातली खोटी ओळ डोळ्यांदेखत खरी होत चालली होती, आणि आधी पुस्तक चुकले की आधी बाजार मेला, हेच मला समजेनासे झाले.

मग एका गुरुवारी दुसरा लेखक आला. तरुण पोरगा, पण गाडी तीच, साडेनऊला सुटणारी. त्यानेही हेस्टरलाच गाठले.

"बाई, इथे बाजार भरत नाही ना?"

हेस्टरने चर्चच्या घड्याळाकडे पाहिले. "अर्धा तास थांबता का, साहेब?"

"गाडी थांबायची नाही हो."

"हेस्टर," एनॉक मागून गुरकावला, "दहा वाजायचेत अजून."

"ते दिसतंय मला. यांची गाडी निघाली तेही दिसतंय!"

आणि ती उठली. माझी दोरी दोन्ही हातांनी धरून तिने अशी ओढली, की मी भलत्याच वेळी, भलत्याच सुरात ठणाणले. बायकांना काही कळेना. एकीने फडके काढले, दुसरीने परत झाकले. मग कोणीतरी ओरडले, "ताजी अंडी!" आणि सगळा चौक एकदम बोलू लागला. पोरगा भराभर लिहीत धावतच गाडीत चढला.

एनॉकने हेस्टरचे सगळे लोणी जप्त केले. नियम तो नियम. तिने टोपली पुढे केली. म्हणाली, "म्हाताऱ्यांना सांग, पावाला जाड लावा."

पुढच्या वर्षी व्यापारी परत आले. हेस्टरची गाय वाचली. नव्या पुस्तकात छापले होते, 'ऑसलबरी. येथे गुरुवारी सकाळी साडेनऊला बाजार भरतो.'

आता व्यापारी साडेनऊला हजर होतात. छापलेच आहे म्हटल्यावर एनॉक तरी काय करणार? तो मला साडेनऊला वाजवतो. दूरच्या बायका पोचतात तेव्हा निम्मे व्यापारी गेलेले असतात. हेस्टरला अंधारातच दूध काढून निघावे लागते. माझी वेळ चुकली की बरोबर झाली, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, कुठल्याही गावाबद्दल चार ओळी लिहायच्या असतील, तर गाडीची घाई करू नका. त्या गावाची घंटा वाजेपर्यंत थांबा. तुमची एक ओळ कोणाची तरी गाय असते.

लोणी विकून झाले की हेस्टर अजून चौकातच रेंगाळते. चर्चच्या घड्याळात दहा वाजले की हातातल्या काठीचे टोक वर करून मला हळूच एक टिचकी मारते. माझा नाकातला आवाज तिच्याशिवाय कोणाला ऐकू जात नाही.

"वाजलीस गं," ती म्हणते आणि घरची वाट धरते.